सत्तावन्न वर्षांची थकबाकी

पाचशे रुपयांची नेपाळी नोट मी पहिल्यांदा हातात घेतली ती रत्नागिरीजवळच्या एका आंब्याच्या बागेत, २००८ च्या मे महिन्यात. बागेच्या राखणीला असलेला माणूस पश्चिम नेपाळचा. दसैं-तिहार हे सण आटोपून हंगामासाठी आला, तेव्हा गावाकडची म्हणून त्याने ती पाकिटात ठेवून घेतली होती. नोटेवर हिमशिखर होते, राजा नव्हता. एका बाजूला लालीगुराँसचे लालभडक फूल छापलेले. त्याने नोट उन्हाकडे धरली आणि म्हणाला, "आता बघा." फुलाच्या पाकळ्यांआडून मुकुट घातलेला एक चेहरा हळूच वर आला. कागद जुनाच होता आणि त्यातल्या जलचिन्हात राजे ज्ञानेंद्र होते. राजाचे चित्र काढायचे ठरले, तेव्हा जलचिन्हावर फूल छापून नोट चलनात आली होती.

त्याच महिन्याच्या २८ तारखेला काठमांडूत संविधान सभेची पहिली बैठक भरली आणि नेपाळ गणराज्य झाल्याचा ठराव ५६० विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. पृथ्वीनारायण शाहांनी १७६८ मध्ये काठमांडू जिंकले, तेव्हापासूनची सुमारे २४० वर्षांची राजवट त्या रात्री संपली. राजाला नारायणहिटी राजवाडा सोडायला पंधरा दिवस दिले गेले. ११ जूनला ज्ञानेंद्रांनी राजवाड्यातच पत्रकारांना बोलावले, मुकुट आणि राजदंड सरकारच्या हवाली केल्याचे सांगितले, देश सोडून जाणार नाही असेही सांगितले आणि ते शहराबाहेरच्या नागार्जुनच्या जंगलातल्या घरी राहायला गेले.

फ्रान्सच्या राजाचे डोके उडाले, रशियाच्या झारला कुटुंबासह गोळ्या घातल्या, इराणचा शाह परदेशात मेला. नेपाळचा राजा त्याच देशात नागरिक म्हणून राहिला. हे कसे जमले आणि मुळात राजाला कुणी घालवले, यावर गेल्या वीस वर्षांत भरपूर लिहिले गेले आहे. आदित्य अधिकारी यांचे 'द बुलेट अँड द बॅलट बॉक्स' माओवाद्यांच्या दहा वर्षांच्या युद्धातून या बदलाकडे पाहते. सुधीर शर्मा यांच्या 'प्रयोगशाला'त दिल्ली, दरबार आणि माओवादी यांच्यातल्या पडद्याआडच्या हालचाली आहेत. राजवाड्याचे लष्करी सचिव राहिलेले विवेककुमार शाह यांचे 'मैले देखेको दरबार' आतल्या माणसाची साक्ष देते. प्रशांत झा यांचे 'बॅटल्स ऑफ द न्यू रिपब्लिक' मधेसच्या, म्हणजे तराईच्या नजरेने नव्या गणराज्याकडे बघते. बंदूक, दिल्ली, राजवाड्यातले हत्याकांड, राजाची स्वतःची हाव अशी उत्तरे त्यांतून मिळतात आणि प्रत्येकात तथ्य आहे. तरी मला वाटते की या सगळ्यांच्या खाली एक जुनी थकबाकी आहे. १९५१ मध्ये राजाने प्रजेला एक वचन दिले होते आणि ते पाळले गेले २००८ मध्ये, राजाला बाजूला सारून.

तेव्हा १९५१ पासूनच सुरुवात करायला हवी. त्याआधीची १०४ वर्षे शाह राजे नावापुरते होते. १८४६ च्या कोत हत्याकांडानंतर जंगबहादूर राणाने सगळी सत्ता आपल्या घराण्याकडे ओढली आणि पंतप्रधानपद वंशपरंपरागत केले. राजा 'श्री ५', राणा 'श्री ३'. श्री दोनने कमी असले तरी कारभार सगळा राणांचाच. (आपल्याकडे जंगबहादूर माहीत असतो तो १८५७ मुळे. इंग्रजांना लखनौ परत मिळवून द्यायला तो फौज घेऊन गेला आणि पराभवानंतर तराईत शिरलेल्या नानासाहेब पेशव्यांच्या घरातल्या स्त्रियांना आसराही त्यानेच दिला.) नोव्हेंबर १९५० मध्ये राजे त्रिभुवन शिकारीला जातो असे सांगून कुटुंबासह निघाले आणि गाड्या थेट भारतीय वकिलातीत वळल्या. मागे राहिला तीन वर्षांचा नातू. राणांनी त्यालाच गादीवर बसवले, त्याच्या नावाची नाणी पाडली. तो नातू म्हणजे ज्ञानेंद्र. सीमेवर नेपाळी काँग्रेसचा सशस्त्र उठाव, काठमांडूत मोर्चे आणि दिल्लीत बोलणी अशा तिहेरी रेट्यात राणाशाही कोसळली. त्रिभुवन परतले आणि १८ फेब्रुवारी १९५१ ला त्यांनी जाहीर केले की यापुढे लोकांनी निवडलेली संविधान सभा देशाचे संविधान तयार करील.

ती सभा भरलीच नाही. त्रिभुवन १९५५ मध्ये वारले. त्यांचे पुत्र महेंद्र यांनी १९५९ मध्ये संविधान स्वतःच बहाल केले आणि मग निवडणूक घेतली. नेपाळी काँग्रेसला १०९ पैकी ७४ जागा मिळाल्या, बी. पी. कोइराला पंतप्रधान झाले. दीड वर्षात, १५ डिसेंबर १९६० ला, महेंद्रांनी सैन्य पाठवून त्यांना अटक केली. देशाच्या पहिल्या निर्वाचित पंतप्रधानाची पुढची आठ वर्षे तुरुंगात गेली. नंतरची तीस वर्षे पक्षांवर बंदी आणि 'पंचायत' नावाची राजाच्या मर्जीची व्यवस्था. महेंद्रांनी रस्ते बांधले, देशाची ओळख घडवली, हे त्यांचे चाहते आजही सांगतात आणि ते खोटे नाही. पण राजा आणि लोक यांच्यातला विश्वासाचा धागा त्या डिसेंबरात तुटला.

१९९० मध्ये तो पुन्हा बांधायची संधी मिळाली. गणेशमान सिंह यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेस आणि डावे एकत्र आले. ६ एप्रिलला राजवाड्याकडे निघालेल्या मोर्चावर दरबार मार्गावर गोळीबार झाला आणि ८ तारखेच्या रात्री महेंद्रांचे पुत्र राजे वीरेंद्रांनी पक्षांवरची बंदी उठवली. नोव्हेंबरात आलेल्या संविधानात सार्वभौमत्व जनतेकडे आले, राजा घटनात्मक झाला. लोकांनी राजाला माफ केले, इतकेच नव्हे तर वीरेंद्रांवर मनापासून प्रेम केले. पण हे संविधानही आयोगाने लिहिले आणि राजाने जारी केले. सैन्याची निष्ठा राजवाड्याशीच राहिली. या फटीतून पुढची सगळी आपत्ती आत आली.

फेब्रुवारी १९९६ मध्ये माओवाद्यांनी युद्ध पुकारले. त्याआधी बाबुराम भट्टराईंनी सरकारला दिलेल्या चाळीस मागण्यांच्या यादीत एक मागणी होती लोकनिर्वाचित प्रतिनिधींनी संविधान लिहिण्याची. रोल्पा-रुकुमच्या डोंगरांत, जिथे रस्ता आणि दवाखाना पोचला नव्हता, तिथे हे युद्ध पेटले. मगर, थारू, दलित घरांतली मुले-मुली त्यात ओढली गेली, काही स्वखुशीने, काही जबरदस्तीने. दहा वर्षांत सुमारे १७ हजार माणसे मेली, तेराशेच्या आसपास बेपत्ता झाली, आणि त्यांच्या घरचे आजही उत्तर मागत आहेत. राजेशाहीला घालवल्याचे श्रेय माओवादी घेतात, तेव्हा या आकड्यांची जबाबदारीही त्यांनी तितक्याच मोठ्या आवाजात घ्यायला हवी. अर्थात मारणाऱ्यांत सरकारी सुरक्षादलांचा वाटा मोठा होता, हेही लपवता येणार नाही.

मग १ जून २००१. नारायणहिटीतल्या कौटुंबिक जेवणाच्या रात्री राजे वीरेंद्र, राणी ऐश्वर्या, त्यांची दोन मुले आणि आणखी पाच नातलग गोळ्यांनी मारले गेले. सरकारी समितीने आठवडाभरात चौकशी उरकून युवराज दीपेंद्रांवर ठपका ठेवला. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याच्या नातीशी लग्नाला घरातून विरोध होता म्हणून, असे तेव्हापासून सांगितले जाते. बेशुद्ध दीपेंद्रांनाच राजा घोषित केले गेले, ४ जूनला ते गेले आणि वीरेंद्रांचे धाकटे भाऊ ज्ञानेंद्र आयुष्यात दुसऱ्यांदा गादीवर बसले. हजारो पुरुषांनी घरचे माणूस गेल्यासारखे मुंडन केले. नव्या राजाची मिरवणूक निघाली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक होते, जयजयकार मात्र नव्हता. चौकशीचा निष्कर्ष असंख्य नेपाळींनी आजही मानलेला नाही. राजा विष्णूचा अवतार, ही श्रद्धा त्या आठवड्यात मेली असे मला वाटते, कारण देव असा मरत नाही आणि त्याच्या मृत्यूची चौकशी इतकी घाईने होत नाही.

तरीही राजा टिकू शकला असता. ज्ञानेंद्रांनी २००२ मध्ये निर्वाचित पंतप्रधानाला बडतर्फ केले, एकामागून एक आपल्या पसंतीची सरकारे आणली आणि १ फेब्रुवारी २००५ ला सगळी सत्ता हातात घेतली. दूरध्वनी तोडले, नेते नजरकैदेत, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत सैनिक, एफएम केंद्रांना बातम्या द्यायला बंदी. वडिलांनी १९६० मध्ये केले तेच त्यांनी केले. मधल्या पंचेचाळीस वर्षांत शाळा, रेडिओ, आखातात आणि भारतात कमावणारी माणसे यांनी नेपाळ पार बदलला होता, हे त्यांच्या लक्षात आले नाही. या एका पावलाने त्यांनी आपल्या शत्रूंना एकत्र आणले. माओवाद्यांनाही तोवर कळून चुकले होते की डोंगर आपल्या ताब्यात असले तरी काठमांडू बंदुकीने पडणार नाही. एप्रिल २००५ मध्ये रुकुममधल्या खाराच्या छावणीवरचा त्यांचा हल्ला फसला आणि त्याच वर्षी चुनबाङच्या बैठकीत त्यांनी बहुपक्षीय गणराज्याची वाट धरली. नोव्हेंबरात दिल्लीत सात पक्ष आणि माओवादी यांच्यात बारा कलमी समझोता झाला. त्याच्या गाभ्याला होती संविधान सभेची निवडणूक, म्हणजे त्रिभुवनांचे १९५१ चे वचन.

आता राजाला झुकवणाऱ्या आंदोलनाच्या एकोणीस दिवसांकडे येऊ.

६ एप्रिल २००६ पासून पक्षांनी चार दिवसांचा बंद पुकारला होता. चौथ्या दिवशी नेत्यांनी तो पुढे वाढवला, कारण लोक घरी जायला तयार नव्हते. संचारबंदी काठमांडूला वेढणाऱ्या रिंग रोडच्या आत कडक होती, म्हणून माणसे रिंग रोडवरच जमू लागली. साधारण २७ किलोमीटरचा हा रस्ता. कलंकी, गोंगबू, चाबहिल, बल्खू या नाक्यांवर जळके टायर, विटा, तोडलेली झाडे आणि खोऱ्याबाहेरच्या गावांमधून पायी आलेले शेतकरी. वकील निघाले, डॉक्टर निघाले, राष्ट्र बँकेचे कर्मचारी निघाले, खुद्द गृहमंत्रालयातले कारकून घोषणा देऊ लागले आणि पकडले गेले. राजाचे सरकार चालवणारे हात एकेक करून गळत होते. भाजी मिळेना, गॅस मिळेना, तरी शहराने कुरकुर केली नाही.

कीर्तिपूरचे नाव या दिवसांत वारंवार येते आणि त्याला अर्थ आहे. खोऱ्याच्या नैऋत्येला टेकडीवर वसलेले हे नेवार गाव पृथ्वीनारायण शाहांना सहजी जिंकता आले नव्हते. अखेर जिंकले तेव्हा गावातल्या माणसांची नाके कापल्याची नोंद त्या काळच्या पाद्र्यांनी करून ठेवली आहे. शाहांच्या राज्याची सुरुवात ज्या गावाचे नाक कापून झाली, ते गाव या आंदोलनात सर्वांत पुढे होते.

घोषणा काय होत्या? सगळ्यांत गाजलेली होती, "ज्ञाने चोर, देश छोड!" तोवर राजाबद्दल बोलायला नेपाळीत वेगळीच भाषा होती. तो जेवत नसे, झोपत नसे, त्याच्या प्रत्येक क्रियेला दरबारी क्रियापद होते, आणि नावाआधी पाच श्री. आपल्याकडे ज्ञानेश्वरचा ज्ञान्या व्हावा, तसा 'श्री ५ महाराजाधिराज' एका पंधरवड्यात 'ज्ञाने' झाला. मला हा बदल कुठल्याही ठरावाइतकाच मोठा वाटतो. जो माणूस एकेरीत आला, त्याच्या गोळीची भीती उरते, शब्दाची उरत नाही.

२० एप्रिलला कलंकीला गोळीबार होऊन तिघे गेले. त्याच सुमारास दिल्लीचे दूत म्हणून करण सिंह राजाला भेटले. भारताचे अधिकृत धोरण तोवर 'दोन खांबां'चे होते, घटनात्मक राजेशाही आणि बहुपक्षीय लोकशाही. २१ तारखेला ज्ञानेंद्रांनी सत्ता जनतेला परत करतो, पक्षांनी पंतप्रधानाचे नाव सुचवावे, असे सांगितले. दिल्लीने लगेच स्वागत केले, पाश्चात्त्य वकिलातींनीही पक्षांना हे स्वीकारा असे सुचवले. रिंग रोडने ते त्याच रात्री फेटाळले. नेते होकार देतील या शंकेने गर्दी त्यांच्याच विरोधात घोषणा देऊ लागली. दुसऱ्या दिवशी परराष्ट्र सचिव श्याम सरण यांना भारताची भूमिका सावरून घ्यावी लागली. राजा दिल्लीने घालवला, असे म्हणणाऱ्यांनी हे दोन दिवस नीट पाहावेत. दिल्लीने समझोत्याला जागा दिली हे खरे, पण निर्णायक क्षणी दिल्ली राजाचा मान राखून तडजोडीला तयार होती आणि लोक नव्हते. माओवाद्यांच्या बंदुकाही त्या रस्त्यावर नव्हत्या. त्यांनी खोऱ्यात शस्त्रसंधी जाहीर केली होती. या आंदोलनात वीसएक माणसे प्राणाला मुकली, तीही बहुतेक रस्त्यावरची साधी माणसे.

२४ एप्रिलच्या रात्री साडेअकराच्या सुमारास दूरचित्रवाणीवर राजे पुन्हा दिसले. या वेळी त्यांनी २००२ मध्ये विसर्जित केलेली प्रतिनिधी सभा जिवंत केली. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे, त्यामुळे इकडच्या बागांमध्ये सव्वाअकरा वाजले असतील. हापूसचा ऐन हंगाम होता आणि रत्नागिरी-देवगडच्या कितीतरी खोप्यांतून त्या रात्री ट्रान्झिस्टर सुरू होते.

पुढचे फार झटपट झाले. प्रतिनिधी सभेच्या १८ मेच्या घोषणेने राजाचे अधिकार, 'श्री ५ को सरकार' हे नाव, हिंदू राष्ट्र ही ओळख आणि सैन्यावरची हुकमत, सगळे काढून घेतले. नोव्हेंबरात शांतता करार झाला. १० एप्रिल २००८ ला संविधान सभेची निवडणूक झाली आणि ६०१ जणांच्या सभेत माओवादी सर्वांत मोठा पक्ष ठरले. सभेत स्त्रिया जवळजवळ एक तृतीयांश होत्या. राजेशाहीवर सार्वमत घेतले नाही, ही राजावाद्यांची तक्रार आजही आहे. तिला उत्तर त्याच निवडणुकीत आहे. राजेशाहीचा उघड पुरस्कार करणाऱ्या पक्षाला मतदारांनी एकही थेट जागा दिली नाही, प्रमाणशीर यादीतून चार मिळाल्या. ठरावाच्या विरोधातली चार मते तीच.

राजाचे रक्त न सांडता हा शेवट झाला, त्याचे कारण सैन्यात आहे. पेट्रोग्राडला १९१७ मध्ये रेजिमेंटा फुटल्या आणि झार संपला. तेहरानमध्ये ११ फेब्रुवारी १९७९ ला सेनापतींनी तटस्थता जाहीर केली आणि शाहाची राजवट त्या दिवशी गेली. नेपाळी सैन्य फुटले नाही, हरलेही नाही. त्याने धनी बदलला. म्हणून सूड घेतला गेला नाही, आणि म्हणूनच जुन्या व्यवस्थेचे बरेच काही शाबूत राहिले. युद्धातल्या अत्याचारांचे खटले उभे राहिले नाहीत, कारण दोन्ही बाजूंना ते नको होते. बेपत्ता झालेल्या माणसांच्या बायका वर्षानुवर्षे फोटो घेऊन सरकारी दारात बसल्या. ही या शांततामय क्रांतीची सर्वांत जड किंमत आहे आणि ती ज्यांनी चुकवली त्यांना कुणी विचारले नव्हते.

एक शब्दही बदलला. १९५१ आणि १९९० मध्ये नेपाळी माणूस 'प्रजातंत्र' म्हणत असे. २००६ च्या रस्त्यावर तो 'लोकतंत्र' म्हणू लागला, कारण प्रजा म्हटले की राजा आला. आजही तिथे फाल्गुनात प्रजातंत्र दिवस, वैशाखात लोकतंत्र दिवस आणि जेठात गणतंत्र दिवस असे तीन दिवस पाळले जातात. एका देशाचा पाऊणशे वर्षांचा राजकीय प्रवास पंचांगात असा सलग वाचता येतो.

गणराज्याने मात्र निराश केले. पहिली संविधान सभा चार वर्षांत संविधान न देताच विसर्जित झाली, दुसरीने ते २०१५ मध्ये दिले तेव्हा मधेस पेटलेला होता. २००८ पासून डझनाहून अधिक सरकारे आली-गेली, त्याच त्या तीन-चार नेत्यांमध्ये पंतप्रधानपद फिरत राहिले. मार्च २०२५ मध्ये ज्ञानेंद्रांच्या स्वागताला काठमांडूच्या विमानतळावर हजारो लोक जमले, ते या रागातूनच. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये, समाजमाध्यमांवरच्या बंदीनंतर तरुण रस्त्यावर उतरले, पहिल्याच दिवशी १९ जण गोळ्यांना बळी पडले, दुसऱ्या दिवशी सिंहदरबार हे सरकारी सचिवालय आणि संसद जळाली, पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. सगळी सत्ताकेंद्रे राख झाली असताना राजाला परत बोलावण्याची ती सर्वांत सोपी वेळ होती. त्या मुलांनी माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांचे नाव पुढे केले आणि गणराज्याच्या राष्ट्रपतींनी त्यांना शपथ दिली. निवडणुकीसाठी ५ मार्च २०२६ ही तारीख ठरवण्यात आली.

त्या दिवशी बागेत मी त्या राखणदाराला विचारले होते, संविधान सभेला मत कुणाला दिलेस? नोट पाकिटात परत ठेवत तो म्हणाला की एप्रिलात आंबा उतरत होता, मालकाने सोडले नसते आणि गावी जाऊन यायला आठवडा लागतो. परदेशातल्या नेपाळींना मतदानाची सोय करून द्या, असा आदेश तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. २०२२ च्या निवडणुकीत ती सोय नव्हती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कोकणात पहिला आंबा पेटीत भरायला लागतो, आणि राखणीची माणसे तेव्हा खोपीत मुक्कामाला असतात.